बाभळीचे पेन

आमच्या माणदेशात पिकते काय, असे एखाद्या पाहुण्याने विचारले की माझे उत्तर ठरलेले असते. ज्वारी-बाजरी पावसाच्या मर्जीवर. लेखणीचे पीक मात्र हुकमी! ग. दि. माडगूळकर १९१९ साली आमच्या तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मले. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळही इथलेच. शंकरराव खरात १९२१ साली खुद्द आटपाडीत जन्मले. पाहुणा मान डोलावतो. मीही मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे त्या मानाचा थोडासा वाटा हळूच आपल्याकडे ओढून घेतो. वस्तुतः माझी लेखणी हजेरीपट आणि उत्तरपत्रिका यांच्यापलीकडे फारशी गेलेली नाही, आणि तीही पाच-दहा रुपयांची, शाई संपली की फेकून देण्याच्या लायकीची.

अशा या गृहस्थाला पंचेचाळिसाव्या वर्षी लाकडाची पेने करण्याचे वेड लागले. घरच्या मंडळींनी ते फारसे मनावर घेतले नाही. यापूर्वी मला मधमाश्या पाळण्याचे, मोडी वाचण्याचे आणि पहाटे उठण्याचे वेड लागून गेलेले त्यांनी पाहिले होते. "हेही जाईल," असे म्हणून सौभाग्यवतींनी मला गोठ्यातला एक कोपरा काढून दिला. त्या कोपऱ्यात एक बाभळीचा ओंडका पडून होता. खरे सांगायचे तर वेड पेनाचे नव्हतेच. त्या ओंडक्याचे होते.

आमचे वडील शाळेत गुरुजी होते. गावाबाहेर आमची थोडी कोरडवाहू जमीन, आणि तिच्या मधल्या बांधावर एक बाभूळ. बाभळीची सावली ती काय! निम्मे ऊन आणि निम्मे काटे. पण माणदेशात सावलीला नावे ठेवायची नसतात. सुटीच्या दिवशी वडील तिच्याखाली घोंगडे टाकून वह्यांचे गठ्ठे तपासत. जवळ तांबड्या शाईची दौत असे. मी वाचीत पडायचो, अक्का भाकऱ्यांची दुरडी घेऊन यायची आणि धाकटा आकड्याने शेंगा पाडून शेळ्यांना घालायचा. धाकट्याचे सारे लहानपण त्या झाडाखाली गेले म्हटले तरी चालेल.

वडील गेल्यावर वाटणी झाली. सरकारी मोजणी आली आणि मोजणीची सरळ रेघ नेमकी बाभळीच्या बुंध्यातून गेली. धाकटा पिंपरीला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर. त्याला रजा मिळेना. तो फोनवर म्हणाला, "दादा, बाकीचं काय ते कर. झाडाचं तेवढं मी आल्यावर बघू." मी बरे म्हटले. चौथ्या दिवशी झाडे तोडणारा माणूस यंत्राची करवत घेऊन दारात उभा राहिला. दगड रोवायचे होते, दोन्हीकडची पेरणी खोळंबली होती, आणि तो म्हणत होता, "सर, पुन्हा ह्या बाजूला येणं व्हायचं न्हाई." मी मान हलवली. पाऊण तासात बांध मोकळा झाला.

त्या दिवाळीला धाकटा आला. बांधावर जाऊन आला. हातपाय धुतले, वडिलांच्या तसबिरीला नमस्कार केला आणि फराळाच्या ताटाला हात न लावता एस. टी. स्टँडकडे निघून गेला. भांडला असता तर फार बरे झाले असते. पुढे पाच दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला अक्काकडे मी सकाळी जायचो, तो संध्याकाळी. अक्का बिचारी दोनदा पाट मांडायची.

फांद्या जळणाला गेल्या. बुंध्याचा एक तुकडा मात्र मी गोठ्यात टाकला होता. कशासाठी, ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. गेल्या वर्षी एका जुन्या विद्यार्थ्याने सागवानी पेन भेट दिले, ते हातात फिरवता फिरवता त्या ओंडक्याची आठवण झाली. एकाच झाडाची तीन पेने करावीत. एक अक्काला, एक धाकट्याला, एक मला. म्हटले, वाटणीत जे तुटले त्याचीच पुन्हा वाटणी करू.

सुताराने ओंडका चिरून दिला, तेव्हा त्यातले बरेचसे कीड आणि भेगांनी खाल्लेले निघाले. निकोप, तांबूस-तपकिरी गाभ्याचे लाकूड मिळाले ते पाच पेनांपुरते. बाभूळ ही नांगराची आणि गाडीच्या चाकाची जात. "सर, धार मोडती वं हिच्यापायी," असे सुतार म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आदर होता.

पेन हे किती जोडांचे प्रकरण असते, याचा मला पत्ता नव्हता. आमच्या आजोबांच्या बोरूला जोडच नव्हता. एक काडी, एक चाकू, आणि तिरका छेद. शाईचे पेन आले तशी कारागिरी वाढली. गांधीजींच्या स्वदेशीच्या आग्रहातून राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी १९३२ च्या सुमारास एबोनाइटची पेने हाताने कातायला सुरुवात केली. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कठीण केलेले रबर. इकडे मुंबईत त्याच्या आदल्याच वर्षी, १९३१ साली, दांडेकर बंधूंनी शाईची पूड करायला घेतली आणि तिचा पुढे कॅम्लिन झाला. त्या कातीव पेनांचे जोड आट्यांचे. फिरवले की सुटतात, धुऊन पुन्हा लावता येतात. १९३८ साली हंगेरीच्या बिरो नावाच्या पत्रकाराने बॉलपेनाचे पेटंट घेतले आणि पुढे लिहिणाऱ्यांची दौत सुटली. मी करायला घेतलेले लाकडी पेन या शेवटच्या जातीचे. त्याचे सुटे भाग पार्सलने घरी येतात, आणि त्याचे जोड आट्यांचे नसून दाबाचे असतात. एकदा बसले की बसले.

रीत अशी. लाकडाचे दोन छोटे तुकडे घ्यायचे, त्यांना उभे आरपार भोक पाडायचे आणि आत सात मिलिमीटरची पातळ पितळी नळी चिकटवायची. दोन्ही तोंडे नळीला काटकोनात घासून घ्यायची, पितळेची कडी सगळीकडून सारखी चमकेपर्यंत. मग तुकडा लेथवर चढवून कातायचा, काचकागदाने गुळगुळीत करायचा. इथवरचे काम आमच्या गावातल्या एका वर्कशॉपमध्ये झाले. तिथे पाण्याच्या मोटारींचे दांडे दुरुस्त होतात. मिस्त्रींचा लेथ जुना, अंगावर हरिहरच्या किर्लोस्कर कारखान्याचे नाव ओतलेले. ते नाव पाहून मला बरे वाटले. आटपाडी १९४८ पर्यंत औंध संस्थानात होती, आणि लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली पहिला मोठा संसार मांडला तो याच संस्थानातल्या कुंडलच्या माळावर. म्हणजे हे यंत्रही लांबच्या नात्याने आमच्या घरचेच! लोखंडाची सवय झालेले मिस्त्री बाभळीच्या पातळ कातळ्या उडताना पाहून लहान मुलासारखे हसले. पाचही पेनांची अंगे तयार झाली. आता फक्त जोडायची होती.

त्या 'फक्त'मध्येच सगळी मेख होती. पुढच्या नळीच्या एका तोंडात धातूचे टोक बसवायचे, दुसऱ्या तोंडात रिफिल आतबाहेर करणारी फिरकी. मागच्या नळीत क्लिप आणि टोपी. हे भाग नळीपेक्षा केसभर जाड असतात, म्हणूनच ते घट्ट बसतात. आणि म्हणूनच किंचित तिरके गेले की पितळ फुगते आणि लाकूड उकलते. फिरकीची आणखी एक खोड. ती कुठवर दाबायची याची तिच्या अंगावर रेघ असते. अलीकडे राहिली तर रिफिल बाहेर येत नाही, पलीकडे गेली तर आत जात नाही.

पहिले पेन मी हातोडीने जोडले. लाकडाची ठोकळी मध्ये धरली, अगदी अलगद मारले असे मला वाटले. तीन ठोक्यांत टोक बसले. चौथा ठोका कशासाठी मारला ते सांगता येत नाही. बारीक 'टक' असा आवाज झाला आणि तोंडापासून मध्यापर्यंत केसासारखी चीर गेली.

दुसऱ्यासाठी सुताराचा सी-क्लॅम्प आणला. यात धक्का नाही, स्क्रू आहे, म्हणून मी खुशीत होतो. पण त्या क्लॅम्पच्या टोकाला जी फिरती टिकली असते, ती दाब वाढताच कलते, आणि कलते तिकडे टोपीला घेऊन जाते. टोपी तिरकी बसली. सरळ करायला गेलो आणि मागची नळी चिंबली.

तिसऱ्याच्या वेळी शहाणा झालो होतो. मिस्त्रींच्या टेबलावरच्या व्हाइसच्या दातेरी जबड्यांना लाकडाच्या पट्ट्या लावल्या. शाळेच्या पुस्तकात आम्ही त्याला शेगडा म्हणत असू. टोक सुरेख बसले. फिरकी लावताना मात्र एका हाताने पेन आडवे सावरायचे आणि दुसऱ्याने दांडा फिरवायचा, या गडबडीत रेघेवरची नजर ढळली. फिरकी पाव सूत पुढे गेली. पेन दिसायला देखणे झाले, लिहायलाही उत्तम. फक्त त्याचे टोक आत जात नाही.

आता दोन उरली. एक अक्काचे, एक धाकट्याचे. जोखमीला जागा नव्हती आणि बाभूळ तर उरलीच नव्हती. मी पेन जोडण्याची खास यंत्रे पाहू लागलो. तरफेचा एक सुबक दाबयंत्राचा नमुना पसंत पडला. किमतीचा आकडा पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "दोन पेनांसाठी?" मग थोडे थांबून म्हणाल्या, "घरात हत्यारांचं कळणारा एक माणूस आहे. त्याला विचारायला पैसे पडत नाहीत."

पैसे पडत नाहीत हे खरे. पण दोन दिवस फोन हातात घेऊन मी अंगणात फिरत होतो. आमच्या गावाजवळच १९३९ साली औंधच्या राजांनी कैद्यांना भिंतीशिवाय ठेवून पाहिले. त्या स्वतंत्रपूरवरून पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. माणसावर पुन्हा विश्वास टाकता येतो, हे मी वर्गात मोठ्या उमाळ्याने सांगतो. पण ज्याने विश्वास मोडला त्याने पहिले पाऊल कसे टाकावे, हे काही मला शिकवता आलेले नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन लावला.

"बोल," धाकटा म्हणाला. दादा म्हणाला नाही.

"एक विचारायचं होतं. कामाचं."

"विचार."

मी सगळे सांगितले. नळीचे माप, टोक, फिरकी, रेघ. तो मधूनमधून नेमके प्रश्न विचारी. मी परीक्षेला बसलेल्या मुलासारखी उत्तरे देत होतो. शेवटी त्याने विचारले, "लाकूड कसलं?"

"बाभळीचं."

पलीकडे कारखान्याचा भोंगा वाजल्यासारखे काहीतरी ऐकू आले, मग तेही थांबले.

"आपल्या?"

"आपल्या."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "पहिल्याला हातोडी वापरली असशील."

"वापरली."

"वाटलंच."

एवढेच म्हणाला. मला जे ऐकायचे होते, आणि पाच वर्षे जे ऐकायची भीती वाटत होती, ते सगळे त्या एका शब्दात आले. मग त्याने कामाचे सांगायला सुरुवात केली, आणि त्याचा आवाज हळूहळू सैल होत गेला.

"हातोडी धक्का देते, स्क्रू दाब देतो. धक्का एकदा दिला की दिला. दाबाचं तसं नाही. थोडा द्यायचा, थांबायचं, बघायचं, मग आणखी थोडा द्यायचा. हत्यार घेताना ते किती जोर लावतं हे बघू नये. मधे थांबू देतं का, हे बघावं."

"क्लॅम्पलाही स्क्रू होता की."

"होता, पण सरळपणा नव्हता. दाब नळीच्या बरोबर मधून जायला पाहिजे. व्हाइस क्लॅम्पपेक्षा बरा. पण जुन्या व्हाइसचा जबडा ढिला असतो, तो वर उचलतो. भोक पाडायचं उभं मशीन सरळ दाबतं, पण त्याचं काम फिरायचं, त्याच्या बेअरिंगवर एवढा भार टाकू नये. तरफेचं यंत्र चांगलं. पण ते शंभर पेनं करणाऱ्यानं घ्यावं. तुला दोन करायचीत. कातलीस कशावर?"

"लेथवर."

"मग हत्यार तिथंच आहे की!"

आणि खरोखरच ते तिथे होते. लेथच्या एका बाजूला लाकूड धरणारा चक, आणि समोर दुसऱ्या बाजूला सरकणारा टेलस्टॉक. दोघांचा मध्य एका रेषेत असावा, याचसाठी लेथ जन्मलेला असतो. टेलस्टॉकचे चाक फिरवले की दांडा केसाकेसाने पुढे येतो, आणि हात काढला की जागच्या जागी उभा राहतो. चक मिटवायचा, अणकुचीदार सेंटर काढून ठेवायचा, दोन्हीकडे मऊ तोंडे लावायची की झाले पेनाचे दाबयंत्र. मी महिनाभर त्याच लेथशेजारी उभा राहून हत्यार शोधत होतो.

"मऊ तोंडं कसली लावू?" मी विचारले.

"बघतो," तो म्हणाला आणि फोन बंद झाला.

आठवड्याने एक लहान पार्सल आले. आत नायलॉनच्या कातलेल्या दोन गुड्या होत्या. एकीला चकात धरायला दांडी, दुसरीला टेलस्टॉकमध्ये बसेल असा निमुळता शेपटा. दोन्हींची तोंडे आरशासारखी सपाट. मी फोनवर लेथचे माप सांगितलेच नव्हते. त्याने बहुधा मिस्त्रींना परस्पर विचारले असावे. चिठ्ठी नव्हती. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने दोन शब्द लिहिले होते: 'घाई नको.'

घाई केली नाही. अक्काचे पेन जोडायला सबंध सकाळ लागली. आधी लाकडाच्या दोन्ही तुकड्यांच्या रेषा जुळवून खडूची खूण केली, म्हणजे मधल्या कडीच्या अलीकडची रेघ पलीकडे तशीच पुढे जाते. नळीच्या आत राहिलेला गोंदाचा कण खरवडून काढला. टोक, मग फिरकी. रेघेच्या थोडे अलीकडे थांबलो, रिफिल लावून पाहिली, टोक जेमतेम डोकावले. पुन्हा चाक एक बोटभर फिरवले. पुन्हा पाहिले. मिस्त्री मोटार खोलता खोलता म्हणाले, "आता शिकलासा, सर." गुरुजींच्या मुलाला असे प्रशस्तिपत्र मिळायला पंचेचाळीस वर्षे लागली.

धाकट्याचे पेन मी दुसऱ्या दिवशी घेतले. पुढचा भाग झाला. मागच्या नळीत क्लिप बसवायची तेवढी राहिली. आणि तिथे मी थांबलो. हात कापत होता असे नाही. पण झाडाचे 'मी आल्यावर बघू' असे तो म्हणाला होता, ते माझ्याकडून राहून गेले होते. हे हत्यार मधे थांबू देणारे होते. मी ती नळी, क्लिप आणि टोपी एका कागदात गुंडाळून लेथच्या खणात ठेवली. मिस्त्रींनी काही विचारले नाही.

त्याला फोन केला. म्हणालो, "तुझं पेन अर्धं ठेवलंय. शेवटचा दाब तू द्यावास. आणि झाडाचं माझं चुकलं."

तो म्हणाला, "टोपी बसवायच्या आधी क्लिपची दिशा बघायला लागती." थोड्या वेळाने म्हणाला, "दिवाळीत बघतो."

आमच्याकडे 'बघतो' याचे अर्थ अनेक. पावसाबद्दल म्हटले तर एक, उसनवारीबद्दल म्हटले तर दुसरा. भाषेचा प्राध्यापक असूनही या वेळी मला अर्थ लावता आलेला नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा भाऊबीज यायची असेल. मी आपला तिसऱ्या पेनाने हे लिहितो आहे. त्याचे टोक आत जात नसल्यामुळे ते खिशात ठेवता येत नाही, हातातच धरावे लागते. अक्काला सांगून ठेवले आहे, की या खेपेला मी सकाळी येणार नाही, संध्याकाळीच येईन. पाट एकदाच मांड. दोन मांड.